नसलेला शुक्रवार

“तीस तारीख नाहीये,” बेकरीतली मुलगी म्हणाली. कानामागची पेन्सिल काढताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “एकोणतीस लिहू की एकतीस?”

मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. अख्ख्या आपिया शहराला माहीत होतं. कित्येक महिने रेडिओवर दुसरा विषय नव्हता. या डिसेंबरात सामोआ तारखेची रेषा ओलांडणार. गुरुवारी एकोणतीसला रात्री झोपायचं आणि उठायचं ते थेट शनिवारी, एकतीसला. मधला शुक्रवार सरकारने काढून टाकला होता, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. याच सरकारने दोन वर्षांपूर्वी एका सकाळी रस्त्याच्या उजव्या बाजूच्या सगळ्या गाड्या डाव्या बाजूला आणल्या होत्या. तेव्हाही आम्ही आठवडाभर बोंबललो आणि मग मुकाट्याने डावीकडून चालवायला लागलो. त्यामुळे एक शुक्रवार गेला तर कोणाचं काय अडतंय, असं मी ऑफिसात चार जणींना ऐकवलंही होतं. आणि माझ्या मुलीचा, सिएनीचा, एकविसावा वाढदिवस नेमका त्या शुक्रवारी येतो, हेही मला काही कोणी सांगायला नको होतं. पण बेकरीतली ती पोरगी ‘नाहीये’ म्हणाली, आणि बसायला जावं तर कोणी खुर्चीच मागे ओढावी तसं मला झालं. मी म्हणाले, “एकतीस लिही.” मग म्हणाले, “थांब, नको, एकोणतीस.” रांगेत माझ्या मागे उभी असलेली एक जाडजूड बाई म्हणाली, “दोन्ही लिही गं, खाणाऱ्या तोंडांना काही तोटा नाही.” सगळे हसले. मी “एकतीसच,” म्हणाले आणि तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

फुआतिनो होती, आमची फुआ. माझी थोरली बहीण. ती पागो पागोला राहते, समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआत. तिथलं सरकार वेगळं, त्यामुळे रेषा ओलांडायची ती आम्हीच. त्यांचा शुक्रवार जागच्या जागी राहणार होता.

“पेआता, आहेस कुठे?”

“केक सांगायला आलेय.”

“सांगू नकोस. तुमच्याकडे तो दिवसच नाही, केक कसला करतेस? आमच्याकडे आहे शुक्रवार, चांगला आख्खा. पोरीला इकडे पाठव. जिथे जन्मली तिथे होऊ दे तिचा एकविसावा, आणि ज्या तारखेला जन्मली त्याच तारखेला.”

“तिला विचारायला हवं.”

“विचारलं. हो म्हणाली.”

बेकरीतून बाहेर आले तर उन्हाने डोळे दिपले. बसस्टँडकडे जाणारी लाकडी बस गाणी लावून धडधडत गेली आणि मी रस्ता ओलांडायचा सोडून तिथेच उभी राहिले. दोन वर्षं झाली तरी अजून मी आधी चुकीच्या बाजूला पाहते. त्या दिवशी तर दोन्ही बाजू चुकीच्याच वाटत होत्या. ‘हो म्हणाली.’ मला न विचारता. आमच्याकडे आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, त्यामुळे सिएनीला दोन आया आहेत असं म्हटलं तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. मूल देणं, मूल घेणं हेही आमच्यात जगावेगळं नाही. ज्या वर्षी ओफा वादळाने आमच्या घराचं छप्पर उडवून नेलं, त्या वर्षी फुआला पाचव्यांदा दिवस गेले. तिच्या घरात चार मुलगे धुडगूस घालत होते आणि माझ्या घरात, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, पाळणा हललेला नव्हता. तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं, “हे पोटातलं तुझं. मुलगा असो, मुलगी असो, तुझं.” जेवायला ये म्हणावं तितक्या साधेपणाने. मी बाळंतपणाला गेले. पागोच्या बंदरावर ट्यूना माशांच्या कारखान्याचा वास असतो. फुआ त्याच कारखान्यात कामाला होती, तिच्या केसांनाही तो वास होता. आजही कुठे माशाचा डबा उघडला की माझ्या हातांना आपोआप काहीतरी मऊ, कोमट धरल्यासारखं वाटतं. बाळाला चटईत गुंडाळून मी बोटीवर चढले तेव्हा फुआ धक्क्यावर आली नव्हती. पोरांचे कपडे धुवायचे पडलेत म्हणाली. आणि मला बरंच वाटलं होतं, कारण ती आली असती तर मला मागे वळून बघावं लागलं असतं.

तेव्हापासून तीस डिसेंबर माझा. हे मी छाती पुढे काढून सांगते. आमच्या गल्लीत नाताळ संपला की लोक माझ्या अंगणाकडे बघायला लागत. पहाटे लाफाएले, म्हणजे माझा नवरा, दगड तापवून भट्टी लावायचा. डुक्कर, नीरफणस, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आणि सिएनी पांढऱ्या फ्रॉकमध्ये पायरीवर उभी राहून येणाऱ्याच्या गालाला गाल लावायची. सकाळी फुआचा फोन यायचा. पोरगी दोन मिनिटं बोलायची, मग मी म्हणायचे, “झालं का? दे इकडे,” आणि पुढचा अर्धा तास फुआला सांगायचे, यंदा कोण कोण आलंय, केकला किती मजले आहेत. फुआ हं, हं करायची. तिच्याकडून त्या दिवशी कधी दुसरं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. आणि आता ती म्हणत होती, आमच्याकडे आहे शुक्रवार. जणू माझा दिवस कपड्यांसारखा दोरीवर वाळत होता आणि वाऱ्याने उडून तिच्या अंगणात पडला होता. त्यात ती पोरगी अमेरिकेच्या मातीवर जन्मलेली. मनात आणलं तर उद्या पागोवरून हवाईला, तिथून कुठेही. फुआचे चारही मुलगे असेच एकामागून एक गेले, कोणी फौजेत, कोणी कॅलिफोर्नियात. पागोला जाणारी माणसं परत यायच्या बाता मारत जातात. मला तेवढीच भीती होती, आणि ती भीती घेऊन मी घरी पोचले तेव्हा आतून नुसती पेटलेली होते.

सिएनी शाळेतले कागद पसरून बसली होती. ती पहिलीच्या पोरांना शिकवते. लाफाएले ओसरीवर चर्चचा बाक रंधत होता.

“तू हो म्हणालीस?”

“अगं आई, ती माझी तारीख आहे. इथे ती नाहीच, मग मी कोणाचं काय पळवतेय?”

“आपण एकतीसला करतोय. केक सांगून आलेय मी.”

“एकतीसला मला एकवीस वर्षं आणि वर एक दिवस झालेला असेल.”

“कसा होईल? मधला दिवस आहे कुठे?”

लाफाएले रंधा ठेवून हसायला लागला. “शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रेषा उलट ओलांडली तेव्हा आपल्या लोकांनी चार जुलै दोनदा साजरी केली होती. तो जादा दिवस उसना होता. आता परत करतोय, एवढंच. परतफेडीला रडायचं नसतं.”

“तू तुझा बाक कर.”

“मी जाऊ नको का?” सिएनीने विचारलं. सरळ माझ्याकडे बघून. तिचे डोळे फुआचे आहेत, हे मला रोज दिसतं आणि रोज मी ते विसरते. नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती इतकी सुंदर होती की मी खालीच बसले. पोरगी गुरुवारी जाईल. गुरुवारी रात्री मी झोपेन. उठेन ती शनिवारी. मधे दिवसच नाही. म्हणजे ती तिकडे फुआच्या मांडीला मांडी लावून वाढदिवस करेल, तो दिवस मला जगायचाच नाही. माझ्या आयुष्यात तो येणारच नाही, मग त्यात ती माझ्यापासून लांब असेल कशी? सरकारने माझा दिवस नेला नव्हता, माझं दुःख नेलं होतं. मी स्वतःवरच इतकी खूश झाले की मोठ्याने म्हणाले, “जा गं, जा. खुशाल जा.” दोघं माझ्याकडे बघत राहिले. लाफाएलेने विचारलं, उन्हात चालत आलीस का?

त्याच उत्साहात मी फुआला फोन लावला. “घे तुझा शुक्रवार. पाठवते तिला.”

“तूही ये की. इकडे यायचा परवाना तुम्हा दोघींचा काढून घेते.”

“मी येऊन काय करू? मला तो दिवसच नाही,” मी म्हणाले आणि हसले. फुआ म्हणाली, “बरं.” परवाना मात्र तिने दोघींचा पाठवला. माझा मी कपड्यांच्या कपाटात टाकला.

गुरुवारी विमानतळावर मी रडले नाही. शेजारची कोणीतरी आपल्या मुलाला मिठी मारून हुंदके देत होती, तिची मला कीव आली. सिएनी लहान विमानाच्या शिडीवरून हात हलवत होती आणि मी मनात म्हणत होते, मी डोळा मिटून उघडला की झालं. संध्याकाळी सबंध शहराच्या उत्साहाला भरतं आलं होतं. लोक घड्याळाच्या मनोऱ्याकडे निघाले होते, पोरं भोंगे वाजवत होती. आमच्या गल्लीतला म्हातारा सांगत होता की शुक्रवारी त्याला दाताच्या डॉक्टरने बोलावलंय, आता दात आपोआप बरा होणार. मीही सगळ्यांबरोबर हसले. मग घरी आले, उशी कानावर घेतली आणि झोपले. घंटा वाजल्या असतील, मी ऐकल्या नाहीत.

जाग आली तर शनिवार. रेडिओ सांगत होता, शनिवार. मी अंथरुणातच अंग चाचपून पाहिलं. कुठे काही दुखत नव्हतं. झालं की. पार पडलं. मी उठून चूल पेटवली, कोको ढवळला. पण ओट्यावरचा मासा कालचाच होता, गुरुवारचा, आणि अजून ताजा होता. लाफाएलेने काल अर्धवट रंधलेल्या बाकाखाली भुसा होता तसाच होता. कोंबडा त्याच बेसूर आवाजात ओरडत होता, एक दिवस न खाल्लेला कोंबडा असा ओरडला नसता. शेजारीण नव्याकोऱ्या शनिवारच्या शुभेच्छा देऊन गेली, तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आणि मग फोन वाजला.

“आई, उठलीस? शुभेच्छा देणार आहेस की नाही?”

“कसल्या?”

“वाढदिवसाच्या. माझ्या.”

“कधी आहे?”

“आज. आत्ता. इथे नुकतं उजाडलंय. फुआआई नारळ खोवतेय.” आणि फोनमधून खरंच खोवणीचा आवाज येत होता. खर्र, खर्र. मी खिडकीतून पाहिलं. नीरफणसाच्या झाडावर ऊन आलं होतं. तेच ऊन तिकडे फुआच्या पत्र्यावर आलेलं असणार, थोडंसं आधी. खर्र, खर्र. तो दिवस कुठेही गेलेला नव्हता. तो हा होता. मी त्याच्या मध्यभागी उभी होते, हातात कोकोची पळी घेऊन. मी वाट वाकडी करून टाळलेला शुक्रवार माझ्याच स्वयंपाकघरात शिरला होता, फक्त आमच्या रेडिओने त्याला दुसरं नाव ठेवलं होतं. पोरगी तिकडे होती आणि मी इकडे होते, आणि संध्याकाळपर्यंतचा प्रत्येक तास मला पायांनी चालूनच काढायचा होता.

“लाफाएले,” मी ओरडले, “आज शुक्रवार आहे.”

“तिकडे आहे.”

“पण आज आहे.”

“मग तुला काय वाटलं होतं, सूर्यानेही उडी मारली?”

मला हसू फुटलं. आधी रडूच येणार होतं, पण मधेच ते हसू झालं आणि थांबेना. कारण आता दुसरी गोष्ट दिसली होती. तो दिवस गेला नव्हता म्हणजे तो अजून होता. अर्ध्या तासाच्या अंतरावर. विमानात बसलं तर मी त्याच्यात जाऊन उतरू शकत होते. एकतीसला निघून तीसला पोचता येत होतं. जगात किती आयांना हे जमलंय? मी कमरेला गुंडाळलेला घरातला लावालावा बदलला नाही, केसात फूल खोचलं नाही, कपाट उपसून परवाना काढला आणि लाफाएलेला गाडी काढायला लावली. वाटेत बेकरीवर थांबून केक उचलला. विमानतळावरच्या माणसाने नेहमीप्रमाणे मला काट्यावर उभं केलं, कारण लहान विमानात प्रत्येकाचं वजन मोजून जागा देतात. “केक खाली ठेवा, बाई.” “नाही ठेवणार. माझ्यातच धर.” “मग पुढची जागा देता येणार नाही.” “छपरावर बसव, पण ने.” “जाणार तर आहातच. परत कधीचं देऊ? आजचं, उद्याचं? तिकडचं आज की इकडचं आज?” त्याचा स्वतःचाच गोंधळ उडाला होता. “संध्याकाळचं,” मी म्हणाले, “संध्याकाळ दोन्हीकडे एकच असते.”

विमान समुद्रावर आलं. मी काचेला नाक लावून खाली बघत राहिले. रेषा दिसत नसते हे मला कळतं, मी काही खुळी नाही. तरी बघत होते. एकवीस वर्षांपूर्वी याच पाण्यावरून मी बोटीने उलट दिशेला आले होते. बोट हलत होती, पोर भुकेने कळवळत होतं, आणि मी तिला सारखं सांगत होते, घरी चाललोय आपण, घरी. त्या रात्री फुआच्या अंगावर दूध होतं. हा विचार त्या प्रवासात माझ्या मनात आला नव्हता, नंतरही कधी नाही. तो आता आला, मांडीवर केक असताना, आणि मी तो झटकायला गेले तर झटकला जाईना. पण मन थांबायला तयार नव्हतं. पोचल्यावर दारातून कशी आत जाईन, अंगणभर जमलेली माणसं कशी वळून बघतील, सिएनी कशी किंचाळेल, हेच रंगवण्यात मी पुन्हा गुंग झाले. पागोच्या अधिकाऱ्याने परवान्यावर शिक्का मारला. तीस डिसेंबर. मी शाईवरून बोट फिरवलं तर ती फिसकटली.

फुआच्या दारात एकही गाडी नव्हती. अंगणात मांडव नव्हता, बाकडी नव्हती, गाणी नव्हती. ओसरीवर फुआ पाय पसरून बसली होती आणि तिच्या पुढ्यात, खालच्या पायरीवर, सिएनी. फुआ तिच्या केसांना खोबरेल लावून वेणी घालत होती. इतक्या सावकाश की तिला ती संपवायचीच नसावी.

“आई,” सिएनी ओरडली आणि उठायला गेली. फुआच्या हातात केस होते, म्हणून ती अर्धवटच उठली.

“आलीस?” फुआ म्हणाली. “बस.”

“लोक कुठेत?”

“लोक कशाला? तुझ्याकडे दरवर्षी येतात तेवढे पुरेत.”

मी बसले, पण माझं तोंड बसेना. मी सगळं सांगत सुटले. बेकरी, मासा, कोंबडा, काट्यावरचा माणूस, मी कशी धावले, कसा जीव वरखाली झाला, दिवस नाही म्हणून कशी निवांत होते आणि आहे म्हटल्यावर कशी वेडी झाले, आणि घरच्या कपड्यात एका दिवसासाठी कसा समुद्र ओलांडून आले. सिएनी हसून हसून वाकली. फुआही हसत होती. मग तिने वेणीचा एक पेड उचलला, दुसऱ्यावर टाकला आणि त्याच आवाजात, एखादी थट्टा करावी तशी म्हणाली, “बघ हं. मला वीस वर्षं तीस तारीख नव्हती. तुला एकदा नाही, तर केवढी पळापळ.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं, मी उत्तर द्यायला कधी कमी पडत नाही. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. कारखान्यात मासे साफ करून करून ती वाकडी झालेली होती, आणि त्या केसांत इतकी हळू चालत होती. मला लाज वाटली, आणि लाजेच्या बरोबरीने, खोटं कशाला बोलू, तिच्यावर प्रेम दाटून आलं. मी म्हणाले, “फुआ.” ती म्हणाली, “केक काप. उन्हात पाघळतोय.”

आम्ही तिघींनी केक खाल्ला, मग अळू, मग पुन्हा केक. दुपारी पाऊस आला आणि गेला. निघायची वेळ झाली तशी सिएनी आतून आपली पिशवी घेऊन आली. “मीही येते तुझ्याबरोबर. जागा आहे विमानात, विचारलंय मी.” ती माझ्याकडे येत होती. मी जे मागायला समुद्र ओलांडून आले होते ते आपल्या पायांनी माझ्याकडे येत होतं. फुआ खरकट्या बशा गोळा करायला लागली. बशा तीनच होत्या, पण तिने त्या पुन्हा पुन्हा एकावर एक रचल्या.

मी सिएनीच्या हातातून पिशवी घेतली आणि फुआच्या दाराच्या आत ठेवली.

आपियाला उतरले तेव्हा अंधारायला लागलं होतं. शनिवार संपत आला होता, गल्लीत जुन्या वर्षाचे शेवटचे भोंगे वाजत होते. लाफाएले गाडीला टेकून उभा होता. त्याने माझ्या मागे पाहिलं.

“पोरगी कुठाय?”

“तिकडे.”

“येतेय कधी?”

“फुआचा दिवस पुरा झाला की,” मी म्हणाले आणि गाडीत बसले.